रंगाच्या आधीचा फोटो

१९९६ साल होतं आणि मी एक्कावन्न वर्षांचा होतो. तोपर्यंत मी माझं स्वतःचं काम धड पाहिलं नव्हतं. बावीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत लोकांची तोंडं रंगवली, देव केले, राक्षस केले, तरण्यांचे म्हातारे केले. पण चेहरा पुरा झाला की तो उठून स्टेजवर जायचा आणि माझ्याकडे फक्त पाठ उरायची. खेळ संपला की नट खोबरेल तेल लावून तोंड पुसायचा. माझं सगळं काम त्या फडक्यावर यायचं, आणि ते फडकं माझी बायको सोड्यात उकळून काढायची.

मी चंद्रपूरकडच्या मूल गावचा. धंद्यानं पेंटर. राईस मिलच्या भिंती, दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं. शाळा तिसरीपर्यंत झाली. हे लिहितानाही अडलं की नातीला विचारतो, पण ती वाक्य सुधारायला लागली की वही ओढून घेतो.

अब्बा भांड्यांना कल्हई लावायचे. घरात माणसाच्या चेहऱ्याची तसबीर त्यांना चालत नव्हती. मी नाटकात तोंडं रंगवतो हे त्यांना माहीत होतं. "बना, पर घर में मत ला," एवढंच ते म्हणाले होते. ते गेल्यावरही तो शिरस्ता राहिला, म्हणून बावीस वर्षांच्या कामाचा एक फोटो माझ्याजवळ नव्हता. मला त्याचं काही वाटतही नव्हतं. धान कापून झालं, नाटकं सुरू झाली, की गावोगावचे लोक आपणहून बोलवायला यायचे. बैलगाडीतून माझी पेटी उतरली की पोरं पळत सांगत सुटायची, पेंटर आला, पेंटर आला. यापरता कोणता पुरावा पाहिजे?

त्या थंडीत मी वडशाला गेलो. तिथं नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत, हंगामाचं काम तिथंच ठरतं. एका मालकाच्या टेबलासमोर नागपूरचा एक जवान रंगभूषावाला बसला होता आणि मालक त्याचा अल्बम उलटून पाहत होता. प्रत्येक पानाला मान हलवत होता. मला पाहून म्हणाला, "पेंटर भाऊ, तुमचा अल्बम नाई आणला?"

"माहं काम लोकांच्या डोळ्यात आहे."

"बरोबर आहे भाऊ. पण दुसऱ्याचे डोळे मी इथी कसे मागवू?"

नागपूरवाला हसला. वाईट नव्हता हसला, पण हसला. मी चहा अर्धा ठेवून उठलो. मालक मागून "अहो, बसा तं" म्हणत होता, मी मागं पाहिलं नाही.

मूलला उतरलो तो थेट फोटो स्टुडिओत गेलो. एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत तो स्टुडिओ होता. फोटोवाला माझ्याच उमरीचा, माझा दोस्त. बटण दाबताना जीभ बाहेर काढायची त्याला सवय होती. लग्न, शाळेचे फोटो आणि पंचनामे, ही त्याची कामं. पंचनाम्याचं सांगायला पाहिजे. आमच्याकडे वाघानं किंवा अस्वलानं माणूस फाडला की जंगल खात्याची माणसं येऊन पंचनामा करतात, आणि कागदासोबत फोटो लागतो. तो काढायला ह्याला मोटारसायकलवर बसवून नेत. आजूबाजूच्या खेड्यांत रंगीत फोटो दोनच कामांसाठी निघायचा, एक लग्न आणि दुसरा पंचनामा. फोटोवाला गावात शिरला आणि कोणाच्या घरी मांडव नसला की बाया कामं टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या.

मी त्याला म्हणालो, "माह्या कामाचे फोटो काढ. नागपूरवाल्याचे डोळे फिरले पाहिजे."

राईस मिलमधला एक हमाल बसवला आणि त्याचा सत्तर वर्षांचा म्हातारा केला. दीड तास लावला. फोटोवाल्यानं समोर उभं राहून फ्लॅश मारला. रोल धुवायला चंद्रपूरला जायचा, आठ दिवस लागायचे. आठव्या दिवशी मी सकाळपासून स्टुडिओच्या बाकावर बसून होतो.

पाकीट उघडलं आणि कोणी थोबाडीत द्यावी तसं झालं. फोटोत म्हातारा नव्हता. चुना फासलेला हमाल होता. तोंड पांढरं, मान काळी, आणि मधात सुरीनं कापावी तशी रेघ. ज्या सुरकुत्यांसाठी लोक माझं नाव घेत, त्या पोरानं कोळशानं ओढल्यासारख्या दिसत होत्या. दाढीच्या कडेला डिंक चमकत होता. मी तो फोटो उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे मी नाई केलं," मी म्हणालो.

"मंग का मी केलं?"

"तुह्या मशीननं बिघडवलं."

"मशीनले माहीत नाई पेंटर कोण आहे ते. ते बिचारं जे आहे ते दाखवते."

चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी घरातल्या अंधाऱ्या कोठीत गेलो, स्वतःच्या अर्ध्या तोंडाला रंग लावला, आरसा धरला आणि टॉर्च डोळ्याजवळ धरून समोरून उजेड पाडला. तोच चुना. तीच रेघ. मग टॉर्च हात लांब करून बाजूला नेला. सुरकुती हळूहळू खोल झाली, गाल बसला, आणि आरशात अब्बा दिसले. मी टॉर्च विझवला.

गोष्ट अशी होती. मी सफेदा सढळ हातानं कालवायचो, कारण स्टेजवरच्या पिवळ्या उजेडात, चाळीस हात लांबून, तेच खरं दिसायचं. पांढरा उजेड समोरून आणि जवळून पडला की सफेदा उसळून वर येतो. म्हणजे बावीस वर्षं मी लांबून पाहायचा कारागीर होतो. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं, तब्येत? मी म्हणालो, तब्येत ठीक आहे.

फोटोवाल्याकडे परत गेलो तेव्हा मी चुकलो असं म्हणालो नाही. "तो फ्लॅश बंद कर," एवढंच म्हणालो.

"मंग उजेड तुह्या पेटीतून काढतो का?"

"दिवसा काढू. मागच्या पडवीत."

पडवीला उत्तरेकडून उजेड यायचा, ऊन येत नव्हतं. माणसाला आम्ही आडवं बसवलं, उजेड एका गालावर. दुसरा गाल फारच काळा पडू लागला तेव्हा माझी रंगकामाची शिडी आणून तिला पांढरी चादर बांधली आणि त्या बाजूला उभी केली. चादर जवळ आणली की गाल उजळायचा, लांब नेली की बुडायचा. मागे काळं काही पाहिजे होतं. मूलच्या बाजारात पाहिजे तसा काळा कपडा मिळेना, म्हणून बायकोचा जुना बुरखा टांगला. "दाग लगा तो देखना," ती म्हणाली. सफेदा चौथ्या हिश्शावर आणला, रंग मानेखाली गळपट्टीपर्यंत उतरवला आणि पावडर कमी केली. फोटोत लाल रंग भडकतो हे कळल्यावर लालात काथ घातला. आणि कॅमेरा जवळ आणला, चेहराच चेहरा, बाकी काही नाही. प्रत्येक चूक आठ दिवसांनी कळायची. माघ लागला तेव्हा कुठं मला माझं काम फोटोत ओळखू येऊ लागलं.

पण देव आणि म्हातारे नागपूरवाल्याकडेही होते. मला असं काही पाहिजे होतं की जे त्यानं जन्मात पाहिलं नसेल. मी ठरवलं, अस्वलानं फाडलेला चेहरा करायचा. लहानपणी आमच्या शेजारचा माणूस मोहफुलं वेचायला गेला होता, त्याला बैलगाडीत टाकून आणताना मी पाहिला होता. अस्वल पोटाला धरत नाही, तोंडाला धरतं. भुवईपासून हनुवटीपर्यंत कातडी कशी लोंबते, आतून कुठं पांढरं दिसतं, रक्त कुठं लाल राहतं आणि कुठं काळं पडतं, ते पस्तीस-चाळीस वर्षं माझ्या डोळ्यांत तसंच होतं. फौजदार, राजा, राणी हे मी ऐकून रंगवले. हे मी पाहून रंगवणार होतो.

त्यासाठी जो पोरगा निवडला तो दोन कोसांवरच्या ढिवरांच्या गावचा. बावीस वर्षांचा. मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, मासे धरणारी ती माणसं. त्यांच्या गावच्या नाटकात तो फौजदार झाला होता, मिशा मीच लावल्या होत्या. नट म्हणून सामान्यच. पण बसायला सांगितलं की बसायचा. गळ टाकून तासन्‌तास पाण्याकडे पाहायची सवय. मला तेच पाहिजे होतं.

सकाळी आठला बसवला. तांदळाची खळ, कापूस आणि धावड्याचा डिंक यांचे थर दिले, वाळू दिले, मग मधोमध फाडले. आत काथ, काजळ आणि हिंगूळ. शेवटी एरंडेल तेलाचं बोट फिरवलं, ओलेपणासाठी. फोटोवाला पडवीत आला, पाहिलं, आणि दोन पावलं मागं सरला. तो पंचनाम्यांचे फोटो काढणारा माणूस. मी मनातल्या मनात म्हणालो, झालं.

पोरगा आधी कळवळल्याचं तोंड करू लागला. मी म्हणालो, "नाटक नोको करू. काहीच नोको करू. तलावावर बसला आहे असं समज." तासभर तसाच ठेवला. शेवटी तो खरंच थकला, नजर खाली गेली, ओठ सैल पडला. फोटोवाल्यानं जीभ बाहेर काढली आणि बटण दाबलं.

त्याच्या आधीची एक गोष्ट आहे, ती सांगायची मला आजही लाज वाटते. सकाळी रंग लावायच्या आधी फोटोवाला म्हणाला होता, "पेंटर भाऊ, याचा एक साधा फोटू काढून घेऊ. याच जागेवर, याच उजेडात. दोन्ही बाजूबाजूनं लावले तं तुमचं काम किती ते कळन."

मी म्हणालो, "साध्या चेहऱ्यात माहं काय आहे? तो त्याच्या आईनं केला. माहं तेवढंच दाखव."

"लोकाईले कळलं पायजे ना, का हा रंग आहे म्हणून."

"ज्याले सांगावं लागते का हा रंग आहे, त्याच्यासाठी मी काम करत नाई."

त्यानं कॅमेरा बाजूला ठेवला. त्याला माझा स्वभाव माहीत होता. आणि काम संपल्यावर मी त्या पोराला आणखी बजावलं, "कोणाले सांगू नको. घरीही नाई. नागपूरवाल्याच्या कानावर गेलं तं तो उद्याच करन." पोरगा शब्दाचा पक्का. त्यानं घरी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तो बांबूतोडीच्या टोळीसोबत आलापल्लीच्या जंगलाकडे निघून गेला, धान झाल्यावर तिकडची पोरं जातात तसा.

फोटो आला. असा फोटो मी नंतर कधी काढवून घेऊ शकलो नाही. कुठं रंग संपतो आणि माणूस सुरू होतो ते मलाच सापडेना. वहीच्या दोन पानांएवढा मोठा करून फ्रेममध्ये घातला आणि स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. फोटोवाला कुरकुरला, "इथी नवरा-नवरीचे फोटू लागते, भाऊ." मी ऐकलं नाही. खाली चिठ्ठी लावू म्हणाला, तीही लावू दिली नाही.

मग दर बाजाराच्या दिवशी मी स्टुडिओच्या आतल्या बाकावर जाऊन बसू लागलो. कशासाठी, ते लपवत नाही. काचेसमोर लोक काय म्हणतात ते ऐकायला. लोक थांबायचे. चक्‌चक्‌ करायचे. "कुठचा आहे हा?" "कोणाचा पंचनामा?" "जगला नसन." मी आत बसून मिशांवरून हात फिरवायचो. एक म्हातारा काचेतल्या फोटोला नमस्कार करून गेला, तेव्हा तर मी हसू दाबायला तोंडावर दुपट्टा धरला. माझ्या कामाला ह्याच्यापेक्षा मोठी पावती कोण देणार?

चैत्रातला बाजार होता. मोहफुलांचे दिवस, म्हणजे अस्वलांचे दिवस. दुपारी काचेसमोर एक बाई थांबली. डोक्यावर माशांची रिकामी टोपली, लुगड्याचा काठ ओला. मी चक्‌चक्‌ ऐकू यायची वाट पाहिली. ती आली नाही. बाईनं टोपली खाली ठेवली, जवळ आली आणि पंजा काचेवर ठेवला, फोटोतल्या गालावर. बराच वेळ. मग दारात आली.

"हा कोणाच्या पंचनाम्याच्या कागदाचा फोटू आहे, भाऊ?" तिनं फोटोवाल्याला विचारलं.

"कागदाचा नाई, बाई. रंगाचं काम आहे ते. या पेंटर भाऊचं."

"हा माहा पोरगा आहे."

मी उठलो. तेव्हाही, सांगतो, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. आईसुद्धा फसली. एवढं मनात आलं आणि मग मी तिचा चेहरा पाहिला. बावीस वर्षं मी चेहऱ्यांवर भीती रंगवली होती. भुवया अशा करायच्या, डोळ्याखाली तशी सावली. त्यातलं काहीच तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. तो नुसता रिकामा झाला होता, पाणी सोडून दिलेल्या तळ्या-बोडीसारखा.

"बाई, खोटं आहे ते," मी म्हणालो. "डिंक आणि कापूस आहे."

"तो आलापल्लीले आहे. दोन महिने झाले, निरोप नाई." ती माझ्याकडे नाही, फोटोवाल्याकडे पाहत होती. "तुमी पंचनाम्याचे फोटू काढता. मले माहीत आहे. माह्या जावेच्या भावाचा तुमीच काढला होता. जिता आहे का नाई, तेवढं सांगा. मी रडणार नाई इथी."

"अवो बाई, नाटकाचा आहे."

"नाटकात तो फौजदार होता. मी समोर बसून पाह्यलं. त्याले असं कुठी होतं?"

आता मी काय सांगणार? फक्त फोटोसाठी केलं होतं, कोणाला सांगू नको म्हणून मीच त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. हे सांगितलं तर ते सगळ्या जगात सगळ्यांत खोटं वाटणारं उत्तर होतं, आणि तेच खरं होतं. मी सांगितलं. तिनं ऐकलं आणि विचारलं, "आईले सांगू नको, असं काऊन म्हणलं तुमी?"

फोटोवाला एस.टी.डी.च्या दुकानात पळाला. परत येऊन म्हणाला, आलापल्लीची लाइन सकाळपासून बंद आहे.

मला एकच सुचलं. मी माझी पेटी आणली, पडवीत तिच्यासमोर बसलो आणि तीच जखम माझ्या स्वतःच्या गालावर करू लागलो. खळ, कापूस, डिंक. प्रत्येक वस्तू तिच्या हातात देऊन दाखवली. "हे पाहा, काथ. पानातला." ती वास घ्यायची आणि परत द्यायची. तासाभरात माझा अर्धा चेहरा फाटला. दारात बाजारातली माणसं जमली. मग मी कडेला नख घालून सगळं ओढून काढलं, खाली माझा गाल सुजल्यासारखा लाल पण सलग, आणि तो तिच्यासमोर धरला.

"पाह्यलं, बाई?"

"पाह्यलं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर केला तो खोटा. तो मी होताना पाह्यला. माह्या पोराच्या तोंडावरचा कुठी पाह्यला मी?"

तिनं पुन्हा विचारलं, अगदी साध्या आवाजात, "रंग लावायच्या आंधी त्याचा फोटू काढला असन ना तुमी? त्याच दिवसाचा. तो दाखवा. मी घरी जातो."

फोटोवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. तो बोलला असता तर बरं झालं असतं, त्याला हक्क होता. मी फाटलेला कापूस हातात धरून बसलो होतो. पंधरा सेकंदांचं काम होतं. पोरगा बसलेला होता, उजेड होता, रोलमध्ये जागा होती. मी नाही म्हणालो होतो, कारण साध्या चेहऱ्यात माझं काही नव्हतं.

"नाई काढला," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, जसं काही तिला हे आधीच माहीत होतं.

ती गावी जायला तयार होईना. स्टँडवर बसून राहीन म्हणाली, सकाळच्या गाडीनं आलापल्लीला जाईन. माझी बायको आली, तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "चल बहन, घर चल. आदमी लोगों का सुनके कुछ होता नहीं." ती आमच्या घरी आली. भाकरीला हात लावला नाही, पाणी प्यायली. मी दर्शनी काचेतून फ्रेम काढून उलटी करून ठेवली. फोटोवाला दार लावताना त्याचा कॅमेरा माझ्या गळ्यात घालून म्हणाला, "बारा फोटू आहे आत. तुले एकच पायजे. पट्टा मानेत ठेव, श्वास धर, मंग दाब."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी त्या बाईला घेऊन निघालो. एक गाडी बदलली. मधली सीट रिकामी ठेवून ती खिडकीशी बसली होती. वाटेत ती एकदाच बोलली, "डोळा फुटला होता का?" मी म्हणालो, "बाई, काहीच नव्हतं झालं." ती म्हणाली, "तुमच्या फोटूत डावा डोळा दिसत नाई." खरं होतं. तिकडे लोंबती कातडी मी फार मन लावून केली होती. पुढं सागवान लागलं, पानं झडून उभं. मी उजवीकडे पाहत राहिलो. मनात एकच. समजा ह्या दोन महिन्यांत खरंच काही झालं असेल तर? दिवस तर मोहफुलांचेच होते. मी तिला खोटं आहे म्हणत होतो, पण तो धडधाकट आहे हे तरी मला कुठं माहीत होतं?

साडेदहाला उतरलो. विचारत विचारत बांबूच्या गंज्यांपाशी गेलो. मुकादमानं नाव ऐकून हाक मारली. गंजीच्या मागून एक पोरगा कोयता हातात घेऊन आला. तोच होता. थोडा काळवंडला होता, गाल सलग होते, डोळे दोन होते.

"आई? तू इथी कशी?"

ती पुढे झाली. पदराचं टोक तोंडात ओलं केलं, त्याची हनुवटी धरली आणि डावा गाल पुसायला लागली. जोर लावून. भुवईपासून खाली, पुन्हा भुवईपासून खाली. पदर पाहायची, पुन्हा पुसायची. पदराला फक्त धूळ येत होती.

"काय करून राह्यली, आई? सारे पाहून राह्यले," पोरगा म्हणाला. तिनं ऐकलं नाही. गाल लाल झाला तेव्हा थांबली. हात गालावर तसाच राहू दिला आणि मान न वळवता मला म्हणाली, "काढा आता."

मी त्याला गंजीच्या सावलीत उभा केला, उजेड एका बाजूनं. पोरगा जुन्या सवयीनं विचारू लागला, "कसं तोंड करू, पेंटर भाऊ?"

"काहीच नोको करू," मी म्हणालो. श्वास धरला आणि बटण दाबलं.